मला वाटतं, तुझंच बरोबर होतं

प्रिय दिगू,

पाच महिने पत्र नाही, तू रागावला असशीलच. तब्येत ठीक, शुगर आहे तिथंच आहे. आज लिहितोय ते एका शब्दासाठी, आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

'मीथिंक्स' (methinks), शेक्सपिअरच्या नाटकांतला, 'वाटतं' अशा अर्थाचा. एफवायला तू सरांना विचारलंस, यातला इंग्रजी 'मी' (me) म्हणजे आपलं 'मला' का? सर म्हणाले, कवीची लहर आहे. आणि मी उठून म्हणालो, 'हा मराठीतून इंग्रजी शिकतोय.' वर्ग हसला. तू पुन्हा माझ्या बाकावर बसला नाहीस. (वड्याचे सव्वा रुपये मात्र तेव्हापासून तुझ्याकडेच आहेत!)

परवा अकरावीतल्या एका मुलीनं हॅम्लेटमधल्या राणीच्या तोंडचा हाच शब्द विचारला. या खेपेला आधी कोश उघडला. दिगू, तो 'मला'च आहे रे! जुन्या इंग्रजीत एकाच मुळाची दोन क्रियापदं होती: 'थेंचान' म्हणजे विचार करणं, 'थ्युंचान' म्हणजे वाटणं, भासणं. पुढं दोघांचे उच्चार एकमेकांत मिसळले, 'थिंक' एकच उरलं आणि वाटण्याचं क्रियापद या जोडशब्दात अडकून राहिलं. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरही 'मला वाटतं' अशाच घडणीनं लिहितो. जर्मनमध्ये जुन्या वळणाचं 'मिश ड्युंक्ट' आहे, तेही हेच.

'लाइक'ची गोष्ट तर याहून गोड. येस्पर्सन या डॅनिश भाषापंडिताचं उदाहरण आहे: राजाला पेअर (नासपतीची फळं) आवडले. जुन्या इंग्रजीत क्रियापद अनेकवचनी, कारण ते पेअरच्या मागं जायचं, राजाच्या नाही. अगदी आपल्या 'आवडले'सारखं! मग विभक्तीचे प्रत्यय झिजले, वाक्यात जो पहिला तो कर्ता असं ठरत गेलं आणि राजा आवडून घेणारा झाला. रात्री दोनपर्यंत वाचत बसलो होतो.

पण झोप लागली नाही ती वेगळ्या कारणानं. सत्तावीस वर्षं मी सरांचंच उत्तर मुलांना देत आलो. आणि तू इंग्रजी सोडून बँकेच्या परीक्षेला बसलास, ते त्या हसण्यामुळे का? कधी विचारलं नाही. आज विचारतोय, खरं सांग.

बढतीचं कळलं, अभिनंदन. वहिनींना नमस्कार. छकुलीचं कुठं जमलं का?

मंगळवारी त्या मुलीला उत्तर द्यायचंय. तुझं नाव घेऊन सांगू?

तुझा,
बाळ्या