खांदेरीचा दिवा दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. नाव घालत नाही. कोपरीतली मंडळी ओळखतीलच. बाकीच्यांना दीपगृहाच्या नोकरीतून निवृत्त झालेले आमच्या बिल्डिंगमधले काका, एवढी ओळख पुरे.

आईचं माहेर किहीमजवळचं. लहानपणी रात्री अंगणातून तिला समोरच्या समुद्रातल्या खांदेरी बेटावरच्या दीपगृहाचा दिवा दिसायचा. लग्न होऊन ठाण्याला आली, संसारात पडली, आणि माहेरी गेली तरी किनाऱ्यावरूनच परत फिरली. सत्तरी उलटल्यावर एकाएकी म्हणायला लागली, "एकदा तिथं नेऊन आणा." घरात सगळ्यांनी तिचे गुडघे पुढे केले. होडीत चढणार कशी, उतरणार कशी, वर पाणी खवळलं तर? तुम्ही तेव्हा आमच्याकडे पेपर परत द्यायला आला होतात. तेवढ्यावरून भिंतीवरच्या पंचांगाकडे बघून म्हणालात, "दशमीला जा. रविवार बघू नका, तिथी बघा."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे मला तोवर माहीत नव्हतं. दशमी म्हणजे दहा, त्याचे पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास थळला, जिथून खांदेरीची होडी निघते तिथं, पाणी भरलेलं असणार, आईला चिखल तुडवत होडीपर्यंत जावं लागणार नाही. शिवाय अमावास्या-पौर्णिमेचं उधाण लांब, भांगाचे दिवस, त्यामुळे पाण्याची चढउतार कमी आणि ओढही कमी. मुलानं लगेच मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक काढून ताडून पाहिलं. थोड्याच मिनिटांचा फरक निघाला. तुम्ही त्याच्याकडे बघून काही बोलला नाहीत, पण मिशीतल्या मिशीत हसलात, ते मी पाहिलं.

परवानगीसाठी कुठं विचारायचं, कुणाला फोन करायचा, हे तुम्ही कागदावर लिहून दिलंत. थळच्या नाखव्यांना स्वतः फोन लावलात. आणि शेवटी "मीही येतो, बरेच दिवसांत गेलो नाही" म्हणून पहाटे अंधारात आमच्या गाडीत येऊन बसलात. ठाणे-बेलापूर रोड, पनवेल, पेण, वडखळ, पुढे अलिबागकडे. रस्त्याबद्दल न लिहिलेलंच बरं. हाडं खिळखिळी झाली.

होडीत मात्र आई खूश. वाटेत आधी शेजारच्या बेटावरची उंदेरी लागली. ती जंजिऱ्याच्या सिद्दीनं 1680 मध्ये बळकावून तटबंदी घातली आणि तिथून खांदेरीवर तोफा डागल्या, हे तुम्ही इंजिनाच्या आवाजावर ओरडून सांगत होतात. खांदेरीची गोष्ट त्याच्या आदल्या वर्षाची. 1679 साली शिवाजी महाराजांनी आपल्या आरमारातल्या मायनाक भंडारींना बेटावर पाठवून किल्ल्याचं बांधकाम काढलं, आणि मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला. त्यांची मोठी जहाजं वारा पडला की जागच्या जागी उभी; आपल्या लहान होड्या वल्ह्यांवर, रात्रीच्या अंधारात, त्यांच्या बाजूनं निसटून रसद पोचवायच्या. त्याच बेटावर पुढे 1867 साली इंग्रजी अमदानीत मुंबई बंदराकडे येणाऱ्या जहाजांसाठी दिवा लागला. अंधाराच्या जोरावर राखलेल्या किल्ल्यावर दीपगृह, यातली गंमत मला अजून पुरेशी बोलता येत नाही. आता ते कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ओळखलं जातं, हे चांगलं झालं.

धक्क्याला होडी लागली तेव्हा माझा जीव मुठीत. होडी हातभर वर जात होती, हातभर खाली. नाखवा आईला हात देत होते, आई पाऊल उचलत नव्हती. तुम्ही आधी उतरून वर उभे होतात. म्हणालात, "वहिनी, होडी खाली जाताना हलायचं नाही. लाट स्वतःच वर आणून देईल, वर आली की टाका पाऊल." दोन लाटा तिनं नुसत्या जाऊ दिल्या. तिसरीला ती पायरी चढावी तशी धक्क्यावर आली. हात आम्ही सगळ्यांनी पुढे केले होते, तिनं एकही धरला नाही.

वेताळाच्या देवळापाशी तिनं नारळ ठेवला. धातूसारखा वाजणारा तो दगड मुलानं इतका वाजवला की तुम्हाला त्याला आवरावं लागलं. गाड्यांवर बसवलेल्या तोफा पाहिल्या. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे, याचा मला अभिमान वाटत होता. तुम्ही तटाखालच्या पाण्याच्या बाटल्या पिशवीत भरत होतात. त्या बाटल्या टाकणाऱ्यांबद्दल इथं लिहीत नाही, आभाराचं पत्र आहे.

टेकडीवरच्या अष्टकोनी मनोऱ्यापर्यंत आई हळूहळू आली, पण आतल्या जिन्याला तिनं हात जोडले. मुलगा वर जाऊन आला. तुम्ही खाली तिच्याजवळ बसलात आणि मग जे झालं त्यासाठी खरं हे पत्र आहे.

आई म्हणाली, "आम्ही भावंडं अंगणात झोपलो की आकडे मोजायचो. दिवा दिसला की एकपासून सुरू, परत दिसेपर्यंत. पोरखेळ आपला." तुम्ही एकदम सावरून बसलात. "पोरखेळ कसला? जहाजावरचा अधिकारी तेच करतो, फक्त त्याच्या हातात घड्याळ असतं." प्रत्येक दीपगृहाची लकाकण्याची चाल वेगळी असते, किती वेळा आणि किती सेकंदांनी, ते नकाशावर छापलेलं असतं, आणि ते मोजूनच खलाशाला कळतं की समोर खांदेरी आहे की दुसरं काही, हे तुम्ही तिला सांगितलंत. दिवसा ओळख पटावी म्हणून मनोऱ्यांचे रंग आणि पट्टेही वेगवेगळे ठेवतात.

मग तुम्ही बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवून कातळावर वर्तुळ काढलंत, त्याच्याभोवती दुसरं, मग तिसरं. मध्ये भिंग, भोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी काचेची कडी. एकसंध जाड भिंग घडवलं तर वजनानंच बेजार करेल, म्हणून फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं ते असं कड्यांत तोडलं आणि 1823 साली फ्रान्सच्या एका दीपगृहात बसवलं. आईनं विचारलं, मग दिवा विझतो आणि लागतो तो कोण करतं? तुम्ही म्हणालात, फिरत्या भिंगाच्या दीपगृहात दिवा विझतच नाही. भिंग फिरतं, त्याचा झोत आपल्यावरून गेला की आपल्याला लकाकी दिसते, तेव्हाही दुसऱ्या कुणाला तो दिसतच असतो. जुन्या काळी ते भिंग वजनाच्या यंत्रावर फिरायचं, आणि पहारेकरी रात्रीतून उठून किल्ली देत राहायचा. बोलेपर्यंत उन्हानं पहिलं वर्तुळ वाळून गेलं. तुम्ही ते परत काढलंत, कारण आईचं बघून झालं नव्हतं.

काका, आम्ही तिला फिरवायला नेलं होतं. तुम्ही तिच्याशी एखाद्या जाणत्या माणसाशी बोलावं तसं बोललात. घरी आल्यापासून ती ज्याला त्याला भिंगाची कडी समजावते, कामवाल्या मावशींनाही सोडलं नाही. चेंदणी कोळीवाड्यातल्या तिच्या मैत्रिणीनं पाऊणपटीचा हिशेब आपल्या सासऱ्यांकडून ऐकला होता म्हणे. आता दोघी फोनवर भरत्या काढतात.

तुमचा डबा आणि दुर्बीण मुलाबरोबर पाठवतेय. डब्यात तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी आहे, गरम असतानाच खा. आईचा निरोप असा की पावसाळा संपला की कोर्लईचं दीपगृह बघायचं ठरवा. तिथं गाडी जाते, होडी लागत नाही, हे मी तिला सांगून पाहिलं. तरी तिथी तीच काढणार आहे.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण