तारीख घेत नाही म्हणून कॉम्प्युटर भंगारात घालू नका

मा. संपादक,

आमचं कोल्हापुरात उद्यमनगरला छोटं वर्कशॉप आहे, तिथल्या मिलिंग मशीनला जोडलेला ४८६ जातीचा जुना कॉम्प्युटर अजून डॉसवरच (विंडोजच्या आधीची सिस्टिम) चालतो. मध्यंतरी त्याच्या घड्याळाचा सेल उतरला, साधा सीआर २०३२, तो बदलला, पण बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताना आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) २०२६ टाकायला गेलो तर साल ९४ ते ९९ च्या बाहेर सरकेचना. डॉसमध्ये डेट कमांड देऊन टाकलं तर तेवढ्यापुरतं घेतं, लाईट गेली की परत १९९४. रिपेअरवाला म्हणाला भंगारात घाला. अहो पण मशीनचं कार्ड ज्या आयएसए स्लॉटमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या खाचेत, बसतं तो स्लॉट आता दुकानातल्या नव्या कॉम्प्युटरला येतच नाही, मग एका तारखेपायी चांगलं चालतं मशीन बंद ठेवायचं का?

मूळ भानगड अशी की १९८४ च्या आयबीएम एटी कॉम्प्युटरपासून घड्याळाची चिप सालाचे शेवटचे दोनच आकडे मोजते, शतक कुठलं ते बायोसने बघायचं, आणि तेव्हाच्या काही बायोसमध्ये २००० चा विचारच नव्हता.

उपाय सोपा आहे, साल २८ वर्षं मागे न्या. २०२६ ला १९९८ टाका, तारीख आणि वार दोन्ही बरोबर जुळतात (तिथी नाही जुळत, दिवाळी वेगळ्याच दिवशी येते). आमचा प्रोग्रॅम वारावर जॉबची यादी काढतो त्यामुळे वार चुकून चालत नाही. पुढच्या वर्षी १९९९. पण २०२८ ला २००० लागणार आणि तेच हा बायोस घेत नाही, म्हणून मी कॅलेंडर घेऊन बसलो आणि काढलं, जानेवारी-फेब्रुवारीला १९९४ ठेवायचं आणि १ मार्चला १९९५ करायचं, वार जुळतात, फक्त २९ फेब्रुवारीला एक दिवस स्क्रीनवर १ मार्च दिसेल, मंगळवारच.

मॉनिटरवर चिकटपट्टी लावून "साल अधिक २८" लिहून ठेवलंय. बिल आणि चलन मात्र ह्यावर अजिबात काढू नका, तिथे खरीच तारीख पाहिजे.

आणि ज्यांच्या बोर्डवर सेलऐवजी सोल्डर केलेली चार्जिंगची बॅटरी आहे त्यांनी ती आधी काढून टाका, ती गळते आणि आजूबाजूचे तांब्याचे ट्रॅक खाते, मग बोर्डच चालू होत नाही.

— एक वर्कशॉपवाला, कोल्हापूर