नळावरची पट्टी माझ्याकडून लिहून घेणाऱ्या निरीक्षक बाईंना

आदरणीय निरीक्षक बाई,

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या विहिरीचे पाणी तपासून गेलात त्याला आता सहा महिने होतील. आभाराचे चार शब्द लिहावेत म्हणून मी अनेकदा कागद पुढे ओढला आणि डोळे भरून आल्याने बाजूला सारला. आज मात्र पत्र पुरे करायचे ठरवूनच बसले आहे, आणि ते उघडपणे लिहिते आहे, कारण आपल्या आधी ज्यांनी आम्हाला दारातून परत पाठवले त्यांच्याही ते वाचनात यावे अशी माझी इच्छा आहे.

नातवाच्या ओठांवर आणि नखांवर निळसर छटा दिसू लागली तेव्हा तो जेमतेम अडीच महिन्यांचा होता. त्याला वरचे, पावडरचे दूध होते आणि त्यासाठी पाणी उकळण्याचे काम मी कोणावरही सोपवत नसे. डॉक्टरांनी उपचार सुरू केले, विहिरीचे पाणी ताबडतोब तपासून घ्या असे बजावले, आणि तिथून आमची वणवण सुरू झाली. एका कार्यालयात ‘खासगी विहीर मालकाची जबाबदारी, आमच्या अखत्यारीत येत नाही’ एवढेच वाक्य मिळाले. (नियमाने ते खरे असेलही; पण मग तपासणी कुठे होते, एवढे सांगायला कोणता नियम आड येत होता?) दुसरीकडच्या साहेबांनी बाटली उजेडात धरून पाणी काचेसारखे असल्याचा निर्वाळा दिला. शुद्धीकरण यंत्रे विकणाऱ्या एका गृहस्थांनी पेनासारखे उपकरण बुडवून त्यावरचा आकडा दाखवला आणि निश्चिंत राहा म्हणाले. ते उपकरण पाण्यात एकूण किती क्षार विरघळले आहेत तेवढेच सांगते, जंतूंबद्दल ते मुके असते आणि नायट्रेट, म्हणजे मैल्यातून किंवा खतांतून पाण्यात उतरणारा क्षार, वेगळे काढून दाखवू शकत नाही, हे मला आपल्याकडून कळले. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटमुळे तान्ही बाळे निळी पडतात ही गोष्ट वैद्यकाला १९४५ सालापासून ठाऊक आहे, असे डॉक्टर म्हणाले. त्या तिघांच्या कानांपर्यंत ती अजून पोहोचली नसावी.

आपण विहिरीच्या कठड्याची भेग पाहिलीत, शौचखड्डा किती अंतरावर आहे ते मोजलेत, नमुने घेतलेत आणि अहवालाची वाट न पाहता बाळासाठी दुसरे पाणी वापरायला लावलेत. अहवाल घेऊन पुन्हा आपणच आलात. नायट्रेट लिटरला ९२ मिलिग्रॅम होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा ५० ची आहे. शिवाय १०० मिलिलिटर पाण्यात ज्याचा एकही जंतू असता कामा नये तो ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतूही सापडला होता. मग आपण समजावून सांगितलेत की उकळल्याने नायट्रेट जात नाही. वाफ होऊन जाते ते पाणी, नायट्रेट मागेच राहते, आणि पाणी जितके आटेल तितके त्याचे प्रमाण वाढते.

मी ते पाणी वीस-वीस मिनिटे उकळत होते, बाई. अधिक काळजी म्हणून.

सुनेने माझ्याकडे पाहिले नाही, आणि तिचे ते न पाहणे मला फार लागले. तेवढ्यात आपण, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणालात, “आजींनी उकळले म्हणून यातले जंतू तरी मेले. नायट्रेटला ना रंग, ना वास, ना चव. ते कोणालाच कळले नसते.” मग पिशवीतून चिकटपट्टी आणि जाड टोकाचे पेन काढून ते माझ्या हातात दिलेत. “नळावर लावायची सूचना तुम्हीच लिहा, घरात तुमचा शब्द चालतो.” मी लिहिले, ‘हे पाणी बाळासाठी नाही. उकळूनही नाही.’ हात कापत असल्याने अक्षर वेडेवाकडे आले, म्हणून दुसरी लिहू का असे विचारले, तर आपण म्हणालात, “वाचता येते आहे, राहू द्या.”

ज्या हातांनी चूक झाली त्याच हातांकडे आपण राखण सोपवलीत. चांगुलपणा म्हणजे गोड बोलणे, असे मी आजवर समजत आले. आपण गोड काहीच बोलला नाहीत, अहवालातला आकडाही सौम्य करून सांगितला नाहीत. फक्त माझ्याच घरात मला आरोपी होऊ दिले नाहीत. असे वागणे कोणत्याही सेवानियमात लिहिलेले नसणार, आणि लिहिलेले असते तरी त्या काचेसारख्या पाण्याच्या साहेबांना ते जमले असते असे मला वाटत नाही.

नातू आता रांगतो आणि त्याच्या ओठांचा रंग जसा असावा तसा आहे. कठडा दुरुस्त झाला, क्लोरीन टाकून विहीर निर्जंतुक केल्यानंतरच्या नमुन्यात ई. कोलाय आढळला नाही. नायट्रेटवर मात्र क्लोरीनचा इलाज चालत नाही, त्यामुळे बाळाचे पाणी अजून बाहेरूनच येते. ओल्या हातांनी पुसट झालेली ती पट्टी दोनदा बदलावी लागली. दोन्ही वेळा घरातल्यांनी पेन मलाच आणून दिले.

आपली ऋणी,
बाळाची आजी