वाचतं कोण?

निफाड,
२० एप्रिल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मागच्या पत्रात तू विचारलंस, "दर आठवड्याला लिहितोस, पण वाचतं कोण?" उत्तराला दोन महिने लागले, कारण ते माझ्याकडेच नव्हतं. परवा आमच्याकडे द्राक्षबागांची खरड छाटणी, म्हणजे एप्रिलातली छाटणी, सुरू झाली. गेल्या वर्षीच्या खरड छाटणीलाच साप्ताहिकातला माझा पहिला लेख आला होता. रात्री वही काढून बसलो. लेख वाचून आलेला प्रत्येक फोन मी तिच्यात टिपून ठेवलाय.

अंकाचा खप संपादक सांगतात. मी तो धरत नाही. गावात आलेला एक अंक डेअरीवर, कृषी सेवा केंद्रात, पारावर फिरतो. वहीतले सुरुवातीचे बहुतेक फोन मात्र एकाच प्रश्नाचे आहेत: "साहेब, आता काय मारू?" वेलीवरचा भुरी रोग कसा पसरतो हे मी जीव ओतून लिहायचो आणि त्यांना फक्त औषध आणि प्रमाण हवं असायचं. वाईट वाटायचं तेव्हा. आता नाही वाटत. फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर पाऊस लागला, पानामागे डावणी रोगाची बुरशी दिसली की लेख चवीने वाचायला कोणाला सवड असणार!

सगळ्यात गाजला बोर्डो मिश्रणाचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचा लेख. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मेडॉक भागात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद (तांब्याचं मीठ) आणि चुना शिंपडायचे. त्याच वेली डावणीतून वाचल्याचं मिलार्डे नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्याने ते मिश्रण जगापुढे मांडलं. गोष्ट लोकांना फार आवडली. फोन येत राहिले, मी खूश होतो.

आठव्या दिवशी एका तरुण बागायतदाराचा फोन आला. त्याच्या कोवळ्या पानांना चट्टे पडले होते. १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना हे प्रमाण मी दिलं होतं. पण चुना जुना, हवा लागलेला असेल तर तो कमी पडतो आणि मोकळं राहिलेलं तांबं पान जाळतं, हे लिहायचंच राहिलं होतं. घासलेला खिळा मिश्रणात बुडवावा, त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुन्याची निवळी घालावी, एवढी दोन वाक्यं. मिलार्डेच्या गोष्टीत रमलो आणि तीच राहिली. त्या तरुणाच्या बागेत जाऊन आलो, माफी मागितली. पुढच्या अंकात चार ओळींची दुरुस्ती छापली. आज कितीतरी फवारणीच्या खोल्यांत भिंतीवर चिकटवलेली दिसते, ती हीच चार ओळींची चौकट.

आणखी एक सांगायचंय, तेच खरं तुझ्या प्रश्नाचं उत्तर. डिसेंबरात एका बागेत विरळणी, म्हणजे घडातले जास्तीचे मणी कापणं, चालू होती. पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांची टोळी होती. त्यातली एक मुलगी दुपारच्या सुट्टीत माझा लेख बाकीच्या बायांना मोठ्याने वाचून दाखवत होती. मला पाहून थांबली आणि म्हणाली, "घडात मणी किती ठेवायचे ते लिहिलंय तुम्ही. पण कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागलं तर मणी फुगल्यावर डाग दिसतो, ते नाही लिहिलं." मग तिने कात्री कशी धरायची ते करून दाखवलं. पुढचा लेख मी तिने सांगितलं तसाच लिहिला.

वर्षभर मी सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसासाठी लिहीत होतो रे. घडाला हात लावणारी माणसं माझ्या डोळ्यांपुढे नव्हतीच. तरी ती वाचत होती, वाचून घेत होती.

यंदाच्या पहिल्या लेखाचा कच्चा खर्डा सोबत पाठवतोय. राहुरीच्या होस्टेलवर माझ्या जर्नलमध्ये करायचास तशा खुणा कर. फक्त या वेळी मनात वाचू नकोस. वहिनींना मोठ्याने वाचून दाखव आणि जिथे त्या "म्हणजे काय?" म्हणतील, तिथे लाल रेघ ओढ. बुधवारी मजकूर द्यायचा आहे, त्याआधी कळव.

तुझाच,
द्राक्षवाला