नंदूला पत्र: भर दुपारची तिन्हीसांज

अर्वाईन, कॅलिफोर्निया

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज मिळाला. मनोरंजन पार्कमधल्या त्या नव्या हॉटेलची प्रकाशयोजना तुझ्याकडे आली हे वाचून फार आनंद झाला. मालकांचं म्हणणं जेवण लख्ख दिसलं पाहिजे आणि तुला हवाय अंधार; या ओढाताणीत तू माझं मत विचारलंस. फोनवर हे उरकण्यासारखं नाही, म्हणून सावकाश लिहितोय. योगायोग असा की लेकीने नुकतंच मला डिस्नीलँडमधल्या 'ब्लू बायू' या हॉटेलात जेवायला नेलं, आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

डिस्नीलँड इथून जवळच, ॲनाहाईमला. पार्क १९५५ चा. त्यात जुन्या न्यू ऑर्लिन्सचा एक मोहल्ला उभारलाय, लोखंडी नक्षीच्या सज्जांचा. तो जुलै १९६६ मध्ये खुला झाला. तिथली 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' ही समुद्री चाच्यांची, होडीतून फिरायची राईड आणि तिच्या पोटातलं हे हॉटेल, दोन्ही एकाच दिवशी सुरू झाली, १८ मार्च १९६७ ला. वॉल्ट डिस्नी त्याच्या तीनच महिने आधी गेले होते.

पोटातलं म्हणजे अगदी शब्दशः. धक्क्यावरून सुटलेली होडी आधी एका खाडीतून जाते: लुइझियानाच्या दलदलीत असते तशी, संथ काळं पाणी, झाडांवरून लोंबणारं शेवाळ, पलीकडे एक झोपडी, ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसलेला म्हातारा. बेडूक, रातकिडे, दुरून बॅन्जो. याच खाडीच्या काठावर एका मोठ्या घराचा व्हरांडा आहे, त्यावर टेबलं मांडलीत, आणि तिथे आपण जेवतो. होड्या समोरून जातात आणि पुढे अंधाऱ्या उतारावरून खाली कोसळतात. तो उतार चाच्यांच्या गमतीसाठी आहेच, पण त्याला कारणही आहे: पार्कला वेढणाऱ्या बांधाखालून आणि त्यावरच्या रेल्वे रुळांखालून होड्या पलीकडच्या मोठ्या इमारतीत न्यायच्या असतात. अडचणीतून देखावा काढायची ही रीत मला फार भावली.

आता उजेडाचं. आम्ही गेलो भर दुपारी. कॅलिफोर्नियाचं ऊन तुला माहीत नाही. सावलीला थारा नाही, उघड्यावर लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक). आत पाऊल टाकलं तर तिन्हीसांज. सूर्य नुकताच बुडालाय, आभाळात निळं शिल्लक आहे, आणि घराघरात दिवे लागलेत, अशी ती वेळ. आपण दिवसातून जेमतेम वीस मिनिटं पाहतो ती. तिथे ती दुपारी बारालाही तीच आणि रात्री नऊलाही तीच.

पण ती दारातच अंगावर येत नाही, आणि हेच मला तुला मुद्दाम सांगायचंय. आधी स्वागतकक्षात नाव सांगून बसायचं. ती खोली मंद आहे, काळोखी नाही. तिथून टेबलापर्यंत नेतात तेव्हा डोळा निम्मा तयार झालेला असतो. तुला मी डोळ्याचं शास्त्र सांगायला नको, तरी मालकांना सांगताना उपयोगी पडेल: उन्हातून आलेल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींना अंधाराला सरावायला दहाएक मिनिटं लागतात, आणि अंधारात पाहणाऱ्या पेशींना वीस ते तीस. म्हणजे जो माणूस दारातून थेट टेबलावर आला त्याला पहिली दहा मिनिटं फक्त 'इथे काही दिसत नाही' एवढंच कळणार, आणि त्याच दहा मिनिटांत मेन्यूकार्ड त्याच्या हातात असणार. तक्रार तिथे जन्मते. तुझ्या मालकांची सगळी भीती त्या दहा मिनिटांची आहे.

आम्हाला पाण्याकाठचं टेबल मिळालं नाही, दुसऱ्या ओळीत बसलो. मला तेच बरं वाटलं, कारण पुढची टेबलंही चित्रात आली. व्हरांड्यावर रंगीत कंदिलांच्या माळा आहेत, टेबलावर छोटा दिवा. सगळं पिवळट, तांबूस, आणि सगळं डोळ्याच्या आसपासच्या उंचीवर. वरून खाली मारलेला एकही दिवा मला सापडला नाही. असणार, सफाईला तरी लागतच असतील, पण मी मान वर करून करून शोधलं आणि हाती लागला तो फक्त काळोख. छत दिसतच नाही, म्हणून ते आभाळ होतं. निळा उजेड आहे तो पलीकडे, पाण्यापार, झाडांच्या मागे.

जवळ पिवळा, लांब निळा, आणि मध्ये पाणी. नंदू, सगळी करामत एवढीच आहे. एकांकिकांच्या रात्री आठव. चंद्रप्रकाश म्हणून सगळे दिव्यांना निळं जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावून स्टेजभर निळा ओतायचे आणि नटांचे चेहरे मेल्यासारखे व्हायचे. तू एका बाजूने अंबरची, म्हणजे पिवळट केशरी उजेडाची, बारीक तिरीप सोडायचास, चेहरे जिवंत व्हायचे आणि निळा आपोआप मागे जाऊन रात्र व्हायचा. इथे तेच केलंय, माणसांच्या जागी ताटं आहेत इतकंच. मांसाहारी पदार्थावर निळा पडला तर तो राखाडी दिसतो, भाजी शिळी वाटते. म्हणून निळ्याला टेबलाजवळ फिरकूही दिलेलं नाही.

आणि लांबचा उजेड निळाच का, यालाही डोळ्यातच उत्तर आहे. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं: उजेड उतरत गेला की तांबडी फुलं आधी काळवंडतात आणि हिरवं-निळं जास्त वेळ तगून राहतं. दिवसा डोळा सर्वांत तीक्ष्ण असतो ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, पिवळट हिरव्यावर. अंधारात तो ५०७ कडे, निळसर हिरव्याकडे सरकतो. खऱ्या चांदण्याचा रंग सूर्यप्रकाशापेक्षा उलट थोडा पिवळाच असतो, आपल्यालाच तो निळा भासतो. त्यामुळे पाण्यापार अगदी कणभर निळा पुरतो. जास्त टाकलास की ती रात्र राहत नाही, लग्नाचा हॉल होतो.

काजव्यांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. पलीकडच्या झुडपांत ते लुकलुकतात. बारीक तारेच्या टोकाला इवलासा दिवा आणि वाऱ्याला लहानसा पंखा, एवढीच त्यांची यंत्रणा. तार हेलकावते आणि काजवा भरकटतो. भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर आपण सादड्याच्या झाडांवर पाहिले तसे ते एका लयीत उजळत-विझत नाहीत, एकेकटे फिरतात. पण वाऱ्याने हलवल्यामुळे त्यांची वाट कधीच तीच ती होत नाही, आणि डोळा फसतो तो नेमका इथे. तू कॉम्प्युटरवर कितीही क्लिष्ट प्रोग्रॅम लिही, दोन मिनिटांत माणसाला त्याची आवर्तनं कळतात. एक पंखा ते काम उत्तम करतो.

जेवणाबद्दल थोडक्यात: मी माँटे क्रिस्टो खाल्लं, इथलं नावाजलेलं. हॅम, टर्की आणि चीजचं सँडविच पिठात बुडवून तळतात आणि वर पिठीसाखर. मला जड गेलं. ताटात काय आहे ते स्वच्छ दिसत होतं, मालकांना एवढं नक्की सांग. मेन्यूकार्ड वाचायला मात्र मी दिव्याशी धरलं. शेजारच्या टेबलावर एकांनी फोनचा टॉर्च लावला आणि आम्हा सगळ्यांची संध्याकाळ त्या क्षणी मोडली. तुझी अक्षरं मोठी आणि ठळक ठेव. अक्षरं मोठी असली की जास्तीच्या दिव्याचा खर्च वाचतो.

मला सर्वांत जास्त हलवून गेली ती माणसं. बाहेर रांगेत चिडलेली पोरं, घामेजलेले बाप, आणि आत तीच कुटुंबं हळू आवाजात बोलतायत. कोणी त्यांना गप्प बसायला सांगितलेलं नाही. तिन्हीसांजेला माणूस आपोआप घरातल्यासारखा बोलतो. एक आजी नातवाला मांडीवर घेऊन होड्या दाखवत होत्या. होडीतली माणसं आमच्याकडे हात हलवत होती, कारण त्यांच्या लेखी आमचा कंदिलांचा व्हरांडा हाच देखावा. तुझं हॉटेल राईडच्या वाटेवर असेल तर बाहेरून ते कसं दिसेल याचाही आराखडा कर. जेवणारी माणसं हाच त्या बाजूचा सेट.

वेटरचा विचार विसरू नकोस. दिवसभर उन्हातून आत, आतून स्वयंपाकघराच्या ट्यूबलाईटमध्ये, पुन्हा अंधारात गरम ताट घेऊन. त्यांचा डोळा कधीच सरावत नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी एक वळण दे, म्हणजे दार उघडताच पांढरा झोत बाहेर फेकला जाणार नाही आणि त्यांनाही दोन पावलं मिळतील. पायऱ्यांच्या कडांना खालून उजेड हवाच. इथे माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही ठेच लागली नाही.

एलईडीचं तू विचारलंस. मंद करताना लालसर होत जाणारेच घे. साधे एलईडी नुसते कमी होतात, रंग तसाच राहतो आणि उजेड आजारी दिसतो. हॅलोजन डिमरवर उतरवताना जी ऊब यायची ती आपण जन्मभर पाहिलीय. थोडे महाग पडतील, पण टेबलावर तरी तडजोड करू नकोस. पाणी ठेवणार असशील तर तळ काळा कर. खोली वीतभर असली तरी चालेल, कंदील त्यात पूर्ण उतरतील.

मालकांशी वाद घालत बसू नकोस. एक टेबल मांड, खरं जेवण वाढ, आणि त्यांना आधी पंधरा मिनिटं मंद खोलीत चहा दे. मग टेबलावर बसव. मी मे महिन्यात परत येतोय, तोवर ही चाचणी थांबवून ठेवता आली तर मलाही बोलाव. तेवढ्यात प्रवेशाचा नकाशा आणि छताची उंची पाठव. दार पश्चिमेला असेल तर दुपारी चारचं ऊन थेट आत घुसेल, ते आधी पाहायला हवं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शिरीष