दोन वर्षांच्या मुभेबद्दल, मॅककॉनेल सरांना

आदरणीय जॅक मॅककॉनेल सर,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही, आणि ओळखण्याचं कारणही नाही. तुम्ही स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे आमच्या भाषेत मुख्यमंत्री होतात, तेव्हा मी सांगलीहून ग्लासगोला एम.एस्सी. करायला आलेला एक विद्यार्थी होतो. बँकेचं कर्ज काढून आलेला.

२००६ मध्ये डिग्री हातात आली तेव्हा खरी पंचाईत सुरू झाली. मुलाखत चांगली व्हायची आणि शेवटी वर्क परमिटचा प्रश्न यायचा. मोठ्या कंपन्या ते कागद करतात. पाच-दहा माणसांचं डिझाइन ऑफिस एका नवख्या पोरासाठी ती उठाठेव कशाला करेल? तुमच्या ‘फ्रेश टॅलेंट’ योजनेनं तो प्रश्नच काढून टाकला. स्कॉटलंडमध्ये राहून शिकलात ना, मग दोन वर्षं इथंच राहा, काम शोधा, मालकाच्या सहीची गरज नाही! अशाच एका छोट्या ऑफिसनं मला घेतलं. कर्जाचे पहिले हप्ते तिथल्या पगारातून गेले.

हे तुम्ही कसं जमवलंत, ते मी नंतर वाचलं. व्हिसा देणं एडिंबराच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारच्या, हातात नव्हतंच, तो लंडनचा कारभार. स्कॉटलंडची लोकसंख्या ५० लाखांच्या खाली जाणार, असा अंदाज तेव्हा वर्तवला जात होता. बाहेरून येणाऱ्यांना दार लावा म्हणून मतं मिळवता येतात, हे कुठल्याही देशातल्या पुढाऱ्याला ठाऊक असतं. तुम्ही २००४ मध्ये उलट बोललात: आम्हाला माणसं हवी आहेत. मग ब्रिटनच्या गृहखात्याला पटवलंत आणि २००५ च्या जूनमध्ये योजना सुरू केलीत. अ‍ॅलोआच्या लॉर्नशिल अकॅडमीत तुम्ही जवळपास नऊ वर्षं गणित शिकवलंत, हे कळल्यावर मला नवल वाटलं नाही. आकडे घटताहेत ना, मग मिळवा. इतकं सरळ.

तुमचं सगळंच मला पटतं असं नाही. स्कॉटलंड म्हणजे ‘जगातला सर्वांत उत्तम छोटा देश’ ही घोषणा मला तेव्हाही जरा फुशारकीची वाटायची. पण तुम्ही शिक्षणमंत्री असताना २००१ मध्ये शिक्षकांशी जो करार झाला, तीन वर्षांत २३ टक्क्यांच्या आसपास पगारवाढ आणि ३५ तासांचा आठवडा, त्याबद्दल माझ्या घरमालकीणबाई, स्वतः शाळेत शिकवणाऱ्या आणि तुमच्या पक्षाला कधीच मत न देणाऱ्या, चांगलं बोलायच्या. वर्गात उभं राहिलेला माणूस मंत्री झाला की एवढा फरक पडतो, असं त्यांचं म्हणणं. आणि २६ मार्च २००६ पासून पबमध्ये सिगारेट बंद केलीत, त्याबद्दल माझ्या एकुलत्या एक जाड कोटातर्फेही आभार.

२००७ च्या निवडणुकीत तुमचा पक्ष एका जागेनं मागे पडला, ४७ विरुद्ध ४६, आणि तुमचं पद गेलं. पुढच्या वर्षी ‘फ्रेश टॅलेंट’ साऱ्या ब्रिटनच्या योजनेत मिसळून गेली, तीही २०१२ मध्ये बंद झाली. त्यानंतर आलेल्या पोरांचे हाल मी पाहिलेत. हुशार मुलं डिग्री घेऊन नाइलाजानं परतली. २०२१ मध्ये लंडननं पुन्हा तशीच मुभा दिली. माझी भाची आता त्याच मुभेवर डंडीत नोकरी करते. तिला तुमचं नाव माहीत नव्हतं, मी सांगितलं.

आपला,
ग्लासगोत शिकलेला एक सांगलीकर

ता. क. न्यूयॉर्कच्या फॅशन शोमध्ये तुम्ही घातलेल्या त्या बारीक रेघांच्या किल्टवरून (स्कॉटिश पुरुषांचा घागराच तो) पेपरवाल्यांनी फार टिंगल केली. एवढी करायला नको होती. पण सर, तो किल्ट परत घालू नका.