गुडवूडमधल्या त्या सगळ्या अनोळखी माणसांचे आभार

बाबांना इंग्लंडला गुडवूड फेस्टिव्हल ऑफ स्पीड, म्हणजे जुन्या-नव्या रेसिंग गाड्यांचा मेळा, दाखवायचं फार दिवसांपासून मनात होतं, ते यंदा झालं, आणि झालं ते काही अनोळखी लोकांमुळे, म्हणून हे लिहितेय.

चिचेस्टर स्टेशनवर एका बाईंनी बाबांचे गुडघे दुखतायत हे न सांगताच ओळखलं आणि शटल बसच्या रांगेत थेट पुढे नेऊन बसवलं. मोलकोम वळणाजवळ एका कुटुंबाने स्वतःची फोल्डिंग खुर्ची दिली, वर छत्रीही धरली!! तिथे बसून गाड्या वर चढताना बघणं म्हणजे काय सांगू, पूर्ण हिलक्लाइंब (टेकडी चढत जाणारा शर्यतीचा रस्ता) जेमतेम १.८६ किलोमीटरचा, २०२२ मध्ये मॅकमर्ट्री कंपनीच्या इलेक्ट्रिक गाडीने तो ३९.०८ सेकंदात मारला, त्याआधीचा रेकॉर्ड २०१९ मधला होता.

पण खरे आभार पॅडॉकमधल्या (रेसिंग गाड्या उभ्या करून तयार करतात त्या जागेतल्या) त्या म्हाताऱ्या मेकॅनिक काकांचे. तिथे सगळ्यांना गाड्यांच्या अगदी जवळ जाता येतं, ही या फेस्टिव्हलची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. बाबांनी आयुष्यभर गॅरेज चालवलं, इंग्रजी थोडंच येतं, तरी काकांनी बॉनेट उघडून, हाताने खुणा करून, ऑइल गरम झाल्याशिवाय जुनं रेसिंग इंजिन का ताणायचं नाही ते समजावलं आणि बाबा मराठीत उत्तरं देत होते आणि दोघांना सगळं कळत होतं.

आणि नारिंगी कपड्यातले ते मार्शल, म्हणजे ट्रॅकवरची सुरक्षा सांभाळणारे, दिवसभर उन्हात उभे, बहुतेक सगळे व्हॉलंटिअर. तुम्हा सगळ्यांना आमच्या दोघांकडून खूप खूप धन्यवाद 🙏